केशवरावांचे स्मारक म्हणजे चालते नाट्यगृहच

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीपूर्वी होते तसेच पुन्हा उभारण्याचा शासनाचा निर्णय योग्य आहे. जळके अवशेष स्मारक म्हणून राखावेत आणि नवे नाट्यगृह अन्यत्र बांधावे, ही सूचना भावनेपोटी कुणी केली तरी ती मान्य होऊ नये. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून खुली झालेली ही वास्तू नुसती पाहण्यासाठी नव्हती, तिथे नाटके व्हावीत म्हणून होती. शेजारी खासबागेत कुस्ती, इकडे संगीत नाटक. एकाच आवारात दोन्ही शौक जपणारी गावे किती असतील? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीच्या या गायकनटाची आठवण पडक्या भिंतींपेक्षा तिसऱ्या घंटेनंतर उघडणारा पडदाच नीट जपेल.

इटलीतील व्हेनिस शहराचे ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह १९९६ मध्ये जळाले. तेही होते तिथेच, जुन्या रूपात बांधून २००३ मध्ये पुन्हा खुले झाले.

मात्र ‘जसेच्या तसे’ हे शब्द दर्शनी भागापुरते आणि सभागृहाच्या घडणीपुरतेच असावेत. वीजजोडणी, अग्निशमन आणि बाहेर पडण्याचे मार्ग आजच्या नियमांनुसारच हवेत. आणि काळवंडलेले दोन-चार दगड प्रवेशदालनात ठेवा, तारखेसह. एवढे स्मारक पुरे.

– एक नाट्यरसिक, कोल्हापूर