लंबगोल चेनरिंगचा खरा उपयोग खडकाळ चढावर

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या पुरवणीत माउंटन बाइकच्या सुट्या भागांविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात लंबगोल चेनरिंगचा (पेडलजवळच्या, चेन ओढणाऱ्या दातेरी चकतीचा) विषय ‘पेडलची ताकद वाढवणारा भाग’ एवढ्या एका वाक्यात आटोपला आहे. गेली चार वर्षे मी अशी चेनरिंग वापरतो आहे आणि पुन्हा गोल चेनरिंगकडे वळण्याची मला इच्छा नाही. परंतु तिच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवून कोणी ती विकत घ्यावी आणि महिनाभरात काढून टाकावी, असे होऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पेडल मारताना पायाचा जोर संपूर्ण फेरीत सारखा राहत नाही. क्रँक, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते तो दांडा, आडवा असताना पाय सरळ खाली दाबला जातो आणि जोर सर्वाधिक असतो. क्रँक उभा असताना, म्हणजे एक पेडल अगदी वर आणि दुसरे अगदी खाली असताना, जोर जवळजवळ नाहीसा होतो. गोल चेनरिंग हा चढउतार जसाच्या तसा मागच्या चाकापर्यंत पोहोचवते. सपाट रस्त्यावर सायकलला वेग असतो, त्यामुळे तो जाणवतही नाही. मात्र सुट्या दगडांच्या किंवा ओल्या मुळांच्या चढावर वेग चालण्याइतका उतरलेला असतो, आणि तिथे प्रत्येक फेरीत दोनदा चाकाला हिसका बसतो व दोनदा ते अडखळते. हिसका बसला की टायरची पकड सुटते. चाक अडखळले की तोल जाऊन पाय जमिनीवर टेकावा लागतो.

लंबगोल चेनरिंगची मोठी बाजू जोराच्या टप्प्यात येते, तेव्हा गिअर किंचित जड होतो आणि तेवढ्याच दाबाला चाकावर बसणारा हिसका सौम्य होतो. लहान बाजू उभ्या क्रँकच्या टप्प्यात येते, तेव्हा गिअर हलका होऊन पाय तो निर्जीव भाग चटकन ओलांडतो. माउंटन बाइकसाठी मिळणारी ३२ दात्यांची लंबगोल चेनरिंग जोराच्या टप्प्यात साधारण ३४ दात्यांसारखी, तर उभ्या क्रँकच्या टप्प्यात ३० दात्यांसारखी वागते. पायांतून येणारी एकूण ताकद यात कुठेही वाढलेली नाही. ती चाकापर्यंत अधिक एकसारखी जाते, इतकेच. ज्या चढावर पूर्वी मला बसल्या जागी पुढे सरकून, श्वास रोखून पेडल मारावे लागे, तिथे आता मागचा टायर घसरण्याचे प्रसंग स्पष्टपणे कमी झाले आहेत, आणि हा फायदा माझ्या दृष्टीने फार मोठा आहे. ताकद किंवा वेग वाढतो का, याविषयी मात्र आजवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे तसे ठामपणे छापणे योग्य नव्हे. ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्स यांनी २०१२ची टूर द फ्रान्स लंबगोल चेनरिंगवर जिंकली, हे खरे आहे. पण डांबरी रस्त्यावरच्या त्या विजयावरून डोंगरातल्या चढाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

जुन्या सायकलस्वारांच्या मनात या प्रकाराविषयी जी अढी आहे, तिचे मूळ शिमानो या जपानी कंपनीच्या ‘बायोपेस’ चेनरिंगमध्ये आहे. १९८०च्या दशकात आलेल्या त्या चेनरिंगची रचना आजच्यापेक्षा जवळपास उलटी होती: जोराच्या टप्प्यात लहान बाजू आणि उभ्या क्रँकच्या टप्प्यात मोठी. ती अनेकांना मानवली नाही, गुडघ्यांच्या तक्रारी तिच्या नावावर जमा झाल्या आणि पुढे ती बाजारातून गेली. आजच्या चेनरिंगला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

ही तुलना केवळ इतिहासापुरती नाही. ज्या क्रँकवर चेनरिंग समान अंतरावरच्या चार बोल्टांनी बसते, तिथे ती पाव फेरी चुकीची बसवणे सहज शक्य असते, आणि तशी बसली की मोठी व लहान बाजू नेमक्या आपापल्या जागा बदलतात. माझी पहिली चेनरिंग दुकानातून अशीच बसवून मिळाली होती. दोन आठवडे पाय प्रत्येक फेरीत वरच्या टोकाशी अडत राहिला आणि मी ‘अजून सवय व्हायची आहे’ अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. चेनरिंगवर एक खूण असते. ती क्रँकच्या संदर्भात कुठे यायला हवी, हे उत्पादकाच्या सूचनेत दिलेले असते. बसवून झाल्यावर ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, एवढी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे. योग्य बसवलेली चेनरिंग सुरुवातीच्या काही फेरफटक्यांत वेगळी वाटते खरी, पण ती कधीही पाय अडवत नाही.

खरेदीपूर्वी फ्रेममधील जागाही मोजायला हवी. ३२ दात्यांच्या लंबगोल चेनरिंगची मोठी बाजू ३४ दात्यांच्या गोल चेनरिंगइतकी बाहेर येते, म्हणजे ३२ दात्यांच्या गोल चेनरिंगपेक्षा केंद्रापासून सुमारे ४ मिलिमीटर जास्त. चेनस्टेजवळ (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीजवळ) मुळातच कमी जागा असलेल्या फ्रेमवर ती घासू शकते. पुढे एकच चेनरिंग असलेल्या सायकलवर बाकी काही अडचण येत नाही, कारण निम्म्याच्या आसपास दाते चेनमध्ये सतत गुंतलेले असतात आणि चेनच्या ताणात पडणारा थोडासा फरक चेन ताणून धरणारा क्लच असलेला मागचा डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) सहज सामावून घेतो. पुढे दोन किंवा तीन चेनरिंग असतील, तर पुढचा डिरेलर मोठ्या बाजूच्या उंचीवर बसवावा लागतो, लहान बाजू आली की मधले अंतर वाढते आणि गिअर बदलणे अडखळत होते. अशा सायकलवर हा बदल मी कोणालाही सुचवणार नाही. क्रँकवर पॉवरमीटर (पायांची ताकद मोजणारे उपकरण) लावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, पूर्ण फेरीत क्रँकचा वेग स्थिर धरून गणित करणारी उपकरणे लंबगोल चेनरिंगसह प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतात. ‘ताकद वाढली’ या समजाला हा फुगलेला आकडाही कारणीभूत आहे, असे माझे मत आहे.

जे मुख्यतः उतारावर किंवा सपाट वाटांवर भरभर पेडल मारत सायकल चालवतात, त्यांना या बदलाचा फारसा उपयोग जाणवणार नाही. जे संथ, तीव्र आणि निसरडे चढ न उतरता पार करू पाहतात, त्यांनी तो जरूर करून पाहावा. आपल्या पुरवणीत हा विषय पुन्हा येईल, तेव्हा चेनरिंग बसवण्याची योग्य दिशा दाखवणारे एक रेखाचित्र सोबत छापावे, अशी नम्र विनंती करतो.

आपला,
एक नियमित वाचक