सबवूफर घेताना वॉट राहू द्या, आधी खोली बघा

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत तुमच्या पेपरात इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या पानभर जाहिराती असतात, आणि त्यात होम थिएटरच्या फोटोखाली ५००० वॉट, ८००० वॉट असले आकडे ठळक टायपात छापलेले असतात. मी अ‍ॅम्प्लिफायर रिपेअरीची कामं करतो त्यामुळे हे डबे नंतर माझ्याच टेबलावर उघडे पडतात, म्हणून हे पत्र. मिरवणुकीतल्या डीजेवर वाचकांची पत्रं तुम्ही छापता, बरोबरच आहे, पण तीच छाती दणाणायची आवड आता दहा बाय बाराच्या खोलीत आलीय आणि त्याबद्दल कोणी काही लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की छोटा, स्वतःचा अ‍ॅम्प असलेला सबवूफर (खालचा, जाड आवाज म्हणजे बेस वाजवणारा वेगळा स्पीकर, पुढं त्याला नुसता सब म्हणतो) ही घरासाठी फार चांगली वस्तू आहे, फक्त ती खोलीच्या मापानं घ्यायची आणि खोलीच्या मापानं लावायची. आपल्याकडं दोन्ही उलटं चाललंय.

आधी त्या वॉटचं बोलू. पीएमपीओ म्हणून जो आकडा लिहितात त्याला कुठलंही पक्कं मोजमाप नाही, कंपनीला वाटेल तो छापता येतो. बघायचा असतो आरएमएस, म्हणजे सतत किती ताकद निघते ते. दुकानात डबा उलटा करून मागची पट्टी वाचा, तिथं लाईट किती खातो ते लिहिलेलं असतं, आता पट्टीवर ६० वॉट आणि खोक्यावर ५००० वॉट असेल तर सतत ५००० कुठनं येणार ते तुम्हीच सांगा. आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे १०० चा सब आणि २०० चा सब यात कानाला फार फरक नसतो, खिशाला असतो. दहा बाय बाराच्या खोलीला आठ इंची कोन (स्पीकरचा पुढं-मागं हलणारा पडदा) आणि १००-१५० वॉट खरे आरएमएस म्हणजे भरपूर झालं.

मुळात सब लागतो कशाला? आताचे टीव्ही इतके पातळ झालेत की त्यात स्पीकरला जागाच उरली नाही, साऊंडबार लावला तरी खालचा आवाज येत नाही. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून ऐकू येतं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा लहान तेवढा आवाज खालचा), बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर असते, आणि गाणं ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, गायक काळी एकमध्ये गात असेल तर सा असतो १३९ हर्ट्झच्या जवळ आणि तानपुऱ्याची खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, सत्तरच्या आसपास. टीव्हीवर ती तार नुसती वरवर झणझणते, तिचा पाया येत नाही. नीट लावलेला सब असेल तर गायकाच्या पाठीमागं कोणीतरी खरंच तानपुरा घेऊन बसलंय असं वाटतं, आणि सब चालू आहे हे लक्षातसुद्धा येत नाही. (हलगीसाठी मात्र सब घेऊ नका, हलगीचं सगळं वरच असतं, तिला चांगले साधे स्पीकर पुरतात.)

आता लहान पेटीची गोष्ट. पेटी लहान पाहिजे, आवाज खोलवर जायला पाहिजे आणि थोड्या ताकदीत मोठा पण वाजला पाहिजे, या तिन्हीतलं दोनच मिळतं, तिसरं सोडावं लागतं. हा नियम जुना आहे, स्पीकर बनवणारे त्याला हॉफमनचा नियम म्हणतात. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यानं हवाबंद पेटीचा स्पीकर आणला, पेटीतली कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरायची अशी युक्ती, तिथनं लहान पेटीतला बेस सुरू झाला. आताच्या छोट्या सबमध्ये जो अ‍ॅम्प बसवलेला असतो तो ताकद ओतून पेटीचं लहानपण भरून काढतो. पण त्यालाही हद्द आहे, आवाज तेवढाच ठेवून ८० वरनं ४० हर्ट्झला उतरायचं तर कोनला चौपट पुढं-मागं हलावं लागतं, २० ला गेलात तर सोळापट. आठ इंची कोन एवढा कुठनं हलणार. म्हणून लहान सबकडनं मल्टिप्लेक्सच्या भूकंपाची अपेक्षा करू नका, जबरदस्ती केली तर कोन ठोके खातो, कॉईल जळते आणि डबा माझ्याकडं येतो.

बंद पेटी का भोकाची पेटी, हा दुसरा प्रश्न. भोकाची, म्हणजे पोर्टवाली, तेवढ्याच वॉटमध्ये जास्त वाजते पण ठराविक हर्ट्झपर्यंतच, त्याच्याखाली एकदम गळून पडते. बंद पेटी हळूहळू उतरते, आणि लहान खोलीत खालच्या आवाजाला खोलीच हातभार लावते, त्यामुळे फ्लॅटच्या बेडरूमला बंद पेटीच बरी. हॉल मोठा असेल, स्वयंपाकघराला उघडा असेल तर पोर्टवाली घ्या. बंद पेटीचा एक फायदा कुठल्याच कॅटलॉगमध्ये लिहिलेला नसतो तो सांगून ठेवतो, भोक नाही म्हणून झुरळं आत घर करत नाहीत. हसू नका, मी काढलेली आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ठेवायचा कुठं. आपल्याकडं सब घेतला की तो टीव्हीच्या शेजारी कोपऱ्यात जातो कारण तिथं प्लग असतो. कोपऱ्यात बेस फुगतो हे खरं, पण सगळ्या सुरांना सारखा फुगत नाही, तिथंच घोळ आहे. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो (आपल्या मे महिन्याच्या उन्हात ३५५ च्या घरात, पण त्यानं इथं काही बिघडत नाही), त्यामुळे बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला आवाज दोन भिंतींत अडकून घुमतो, दहा फूट रुंदीला ५६ ला. आणि आपल्या बऱ्याच खोल्यांचं छतही दहा फुटांवरच, म्हणजे रुंदी आणि उंची दोन्ही त्याच ५६ वर घुमणार. मग गाण्यात तो सूर आला की एकदम ढम्म, पुढचा सूर गायब. लोक म्हणतात सब खराब आहे, बदलून द्या. सबला काय होतंय, खोली बोलतीय. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असल्या की आणखीनच.

यावर एक फुकटातला उपाय आहे. तुम्ही जिथं बसून ऐकता त्या दिवाणावर किंवा सोफ्यावर सबच नेऊन ठेवा, सारख्या चालीचा बेस असलेलं एखादं गाणं परत परत लावा, आणि स्वतः भिंतीकडेनं हातापायावर रांगत फिरा, कान सबच्या उंचीला पाहिजे. काही ठिकाणी बेस फुगलेला लागेल, काही ठिकाणी मेलेला, एखाद-दोन जागी सगळे सूर एकसारखे आणि स्वच्छ ऐकू येतील, त्या जागी सब ठेवायचा. घरातले हसतील, हसू द्या. एका गिऱ्हाईकाच्या घरी जुळे सोलापुरात हे करत होतो तर त्यांच्या आई म्हणल्या, ‘अरे बाळा, काय हरवलंय का?’ पण कोपऱ्यातनं काढून तोच सब दिवाणाच्या बाजूच्या भिंतीला दोन हात पुढं घेतला तर त्यांनाच फरक कळला. बसायची जागा खोलीच्या बरोब्बर मध्ये असली तर तिथं तो ४७ चा सूर जवळजवळ नाहीसाच होतो, मग दिवाण फूटभर मागंपुढं सरकवून बघा, वॉट वाढवून उपयोग नाही.

त्याच घरातली दुसरी भानगड खडखडीची होती. मोबाईलवर सूर काढायचं फुकट अ‍ॅप मिळतं, ते सबला जोडून ३० पासून हळूहळू वर नेलं. पस्तीसला सगळं गप्प, चाळीसच्या पुढं शोकेसची सरकती काच किरकिरायला लागली, पन्नासच्या जरा पुढं मांडणीवरची स्टीलची ताटं एकमेकांवर वाजायला लागली, पार स्वयंपाकघरात. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी सरकवली, ताटांच्या मागं फडकं घातलं, संपलं. एवढे दिवस त्यांना वाटत होतं कोन फाटलाय. पत्र्याच्या घरात हे जास्त होतं, पत्र्याचे नटबोल्ट आवळल्याशिवाय तिथं सब लावूच नये असं माझं मत आहे.

बटणांचं थोडक्यात सांगतो. क्रॉसओव्हर म्हणजे कुठल्या हर्ट्झच्या खालचं सबनं वाजवायचं ती हद्द. रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो होम थिएटरचा मुख्य डबा) असेल तर हद्द रिसीव्हरमध्येच लावा, ८० पासून सुरुवात करा, आणि सबवरचं बटण पूर्ण वर किंवा एलएफईवर (म्हणजे सबची स्वतःची हद्द बंद) ठेवा, नाहीतर दोनदा कापलं जाऊन मधला आवाजच जातो. स्पीकर अगदी छोटे असतील तर १००-१२० पर्यंत चालतं, पण तेवढ्या वर गेलात की आवाज सबच्या बाजूनं येतोय हे कान ओळखायला लागतो. फेजचं बटण ० आणि १८० असतं, एकानं जागेवर बसायचं, दुसऱ्यानं बटण फिरवायचं, ज्यात बेस भरीव वाटेल ते ठेवायचं, यात कुठलंही शास्त्र पाजळायची गरज नाही. आवाजाचं बटण शून्यापासून वाढवत न्या आणि सब जाणवायला लागला की केसभर मागं घ्या. मग बातम्या लावा. बातम्या देणारा पुरुष घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर सब जास्त झालाय किंवा हद्द फार वर गेलीय.

वायरिंगमध्ये दोन चुका मी कायम बघतो. एक म्हणजे अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या वायरी कापून सबच्या आरसीए जॅकमध्ये (बारीक सिग्नल घ्यायच्या गोल पिनेच्या भोकात) घालणं, ते करू नका, त्यासाठी काही सबना वेगळं हाय लेव्हल इनपुट असतं, ते आहे का ते घेतानाच बघा, विशेषतः घरात जुना स्टीरिओ अ‍ॅम्प असेल तर. दुसरी, सबमधनं गुंऽऽ असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणं. अहो, तो ५० हर्ट्झचा लाईटचाच आवाज असतो, पण पिन तोडून तुम्ही घरातल्या माणसांचा जीव पणाला लावताय. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सब एकाच बोर्डावर घ्या, तरी येत असेल तर केबलची किंवा डिशची वायर काढून बघा, बऱ्याचदा चोर तीच असते.

आता शेजाऱ्यांचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. पण हे डेसिबल मोजतात माणसाच्या कानाच्या हिशोबानं, त्यात ५० हर्ट्झचा आवाज मोजताना तब्बल ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे मीटरवर आकडा गोंडस दिसतो आणि भिंतीपलीकडं म्हातारा माणूस उशीवर डोकं ठेवून ठोके मोजत बसतो. मोबाईलच्या अ‍ॅपवर ‘बघा ४८ च आहे’ म्हणून भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. काही जण भिंतीला आपली सोलापुरी चादर टांगतात, त्यानं टाळीचा खणखणाट कमी होतो हे खरं, पण ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटरची असते, तिला चादर काय आणि सतरंजी काय, आरपार जाते. अपार्टमेंटमध्ये सबखाली जाड रबर किंवा फोम टाकला तर स्लॅबमधनं खाली जाणारा दणका थोडा कमी होतो, बाकी भिंतीतनं जाणाऱ्याला इलाज आवाज कमी करणं हाच. रिसीव्हरमध्ये नाईट मोड असतो तो वापरा, आणि दहानंतर सब बंद. आपल्याकडं उन्हाळ्यात सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात हेही धरून चाला.

तुमच्याकडं मागणं असं आहे की येत्या दसरा-दिवाळीच्या खरेदी पुरवणीत सबच्या जाहिरातीबरोबर तीन गोष्टी छापायला सांगा, आरएमएस वॉट, कोन किती इंची, आणि किती हर्ट्झपर्यंत उतरतो ते किती डेसिबलच्या फरकानं. नुसतं ‘२० हर्ट्झपर्यंत’ याला काही अर्थ नाही, ३ डेसिबलच्या आत उतरतो का १० नं गळून उतरतो ते सांगितलं पाहिजे. आणि नवी पेठेपासून विजापूर रोडपर्यंतच्या सगळ्या दुकानदारांना विनंती, काचेच्या मोठ्या शोरूममध्ये फुल्ल आवाजात डेमो देऊन गिऱ्हाईकाला फसवू नका, त्याला खोलीचं माप विचारा, आणि दोन दिवस घरी लावून बघायला द्या. डिपॉझिट घ्या वाटल्यास.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर

ता. क. सबवर फुलदाणी, देवाचा फोटो, मोबाईलचा चार्जर काही ठेवू नका, आणि मागची जाळी भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, आपल्याकडच्या ४३-४४ डिग्रीत आतला अ‍ॅम्प तापून बंद पडतो.