पृथ्वीला फिरवते कोण?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

भोवरा थोड्या वेळाने थांबतो, मग पृथ्वी इतकी वर्षे का थांबत नाही आणि तिला फिरवते कोण, हा तुझ्या पत्रातला प्रश्न मला फार आवडला. भोवऱ्याची आर जमिनीवर घासते आणि हवा त्याला अडवते, म्हणून तो थांबतो. पृथ्वीचा आस कशावरही टेकलेला नाही, तिच्या हवेचे वेष्टन तिच्याबरोबरच फिरते आणि त्यापलीकडे अडवणारे जवळजवळ काहीच नाही. फिरत राहण्यासाठी कोणी ढकलत राहावे लागत नाही. थांबवण्यासाठी मात्र कोणीतरी लागते. तेव्हा ही गती मुळात आली कुठून आणि पुढे कोणाची किती कमी झाली, असे विचारले म्हणजे बरेच काही उलगडते.

सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक विशाल मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला. तो मुळात अगदी संथपणे फिरत होता. पण फिरणारी वस्तू आकसली की तिचा वेग वाढतो, त्यामुळे मेघ वेगाने फिरत चपटा होत गेला, मध्यभागी सूर्य तयार झाला आणि भोवतीच्या तबकडीतून ग्रह घडले. आठही ग्रह जवळजवळ एकाच पातळीत आणि एकाच दिशेने सूर्याभोवती फिरतात, आणि सूर्यही स्वतःभोवती त्याच दिशेने फिरतो, याचे कारण हे समान मूळ होय.

आता सूर्याभोवतीच्या फेरीविषयी. पृथ्वी एका सेकंदात सुमारे ३० किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्याच वेळात सूर्याच्या ओढीमुळे सरळ रेषेपासून जेमतेम ३ मिलिमीटर आत वळते. हे दोन आकडे शेजारी लिहून थोडा वेळ त्यांच्याकडे पाहा. एवढ्याशा वळणाने, ते क्षणभरही न थांबता होत राहिल्यामुळे, वर्षभराची कक्षा पूर्ण होते. सूर्यापासून दूर जावे तशी ओढ कमी आणि वेगही कमी: बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर जातो, तर नेपच्यून साडेपाचसुद्धा नाही. अंतर आणि फेरीचा काळ यांचा नेमका संबंध केप्लरने १६१९ साली मांडला आणि तो तसा का आहे हे न्यूटनने १६८७ साली दाखवले.

मूळ गती सगळ्यांकडे सारखी टिकली नाही. गुरू अजूनही दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. पृथ्वीला चंद्र हळूहळू मंदावतो आहे: त्याच्यामुळे उठणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शंभर वर्षांत सुमारे दोन सहस्रांश सेकंदाने लांबतो आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. बुधाला सूर्याने असे जखडले आहे की त्याच्या दोन वर्षांत त्याची स्वतःभोवती बरोबर तीनच आवर्तने होतात. शुक्र उलट दिशेने फिरतो, आणि तेही इतके सावकाश की त्याच्या एका आवर्तनाला २४३ दिवस लागतात आणि वर्ष मात्र २२५ दिवसांत संपते. युरेनस तर जवळजवळ आडवा पडून फिरतो.

माझ्या मते या सगळ्यांत सूर्यच सर्वांत विलक्षण आहे. सूर्यमालेतले ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान त्याच्याकडे असूनही तो विषुववृत्तावर सुमारे २५ दिवसांत एकदाच फिरतो, कारण त्याच्यातून सतत वाहणारे विद्युतभारित कण त्याच्या चुंबकीय क्षेत्रासह बाहेर पडताना त्याची फिरकी आपल्याबरोबर नेत आले आहेत. तो घन नसल्यामुळे सगळा एकाच वेगाने फिरत नाही. ध्रुवांजवळ एका फेरीला ३५ दिवसांच्या आसपास लागतात.

हे फिरणे तुला स्वतः पाहता येईल. शिक्षकांच्या मदतीने लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाड. सूर्याकडे थेट, विशेषतः दुर्बिणीतून, कधीही पाहायचे नाही. प्रतिमेचे वर्तुळ आखून एखादा मोठा सौरडाग पेन्सिलीने टिपून ठेव आणि रोज त्याच वेळी तसेच कर. डाग कडेजवळ असेल तेव्हा दिवसाला थोडासाच सरकेल आणि मधोमध आला की भराभर पुढे जाईल. असे फक्त गोलाच्या पृष्ठभागावरच्या खुणेचे होते. १६१२ साली गॅलिलिओने याच पुराव्यावरून डाग सूर्यावरच आहेत असे ठरवले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला डागाला तेरा-चौदा दिवस लागतील. त्यावरून पूर्ण फेरीचा काळ काढलास तर उत्तर २५ ऐवजी २७ दिवसांच्या जवळ येईल. तुझ्या मोजणीत काही चुकले असे समजू नकोस. तेवढ्या दिवसांत पृथ्वीही आपल्या कक्षेत पुढे गेलेली असते आणि डागाला तिला गाठण्यासाठी थोडे अधिक फिरावे लागते. किती अधिक, याचे गणित तू करून पाहा आणि कागदांसोबत मला पाठव.

तुझे,
बाबा