यंदा बेंदराला दोघं येतोय

मुक्काम नारायणगाव,
चैत्र शुद्ध त्रयोदशी

ती. आई आणि ती. आण्णा यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोन झाला, पण बोलणं काही झालं नाही. आई, तू "जेवलास का" विचारलंस, मी हो म्हणालो, आण्णांना ऐकू आलं नाही आणि तेवढ्यात इकडे जनरेटर सुरू झाला. खरं सांगायचं तर मला जे सांगायचं आहे ते फोनवर बोलायला माझा धीरच झाला नसता. म्हणून कागद घेतला. आण्णा, चष्मा लावून मोठ्यानं वाचा, म्हणजे आईलाही ऐकू जाईल. मधलं काही गाळू नका.

आज सुपारी नाही, म्हणजे कुठं कार्यक्रम नाही. आमच्या तमाशाच्या फडाची माणसं राहुटीत पाय पसरून झोपली आहेत आणि मी पेटीवर कागद ठेवून लिहितोय. पाडव्यापासून इथं गावोगावचे पंच येतात. बाकड्यावर बसतात, फडाचा बोर्ड वाचतात, ढोलकीवर कोण, सोंगाड्या कोण, वग कुठला, बाया किती, सगळं विचारतात. चहा होतो, घासाघीस होते, कधी कधी उठून शेजारच्या राहुटीत जातात आणि परत येतात. चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमी या दोन रात्रींना सगळ्यांत जास्त मागणी. आमच्या दोन्ही रात्री ठरल्यात. पावसाळ्यात घरात धान्य किती येणार ते या दोन रात्रींवर बरंचसं ठरतं, त्यामुळे मालकांचा चेहरा आज सैल आहे.

काल द्वादशी होती. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढल्या असतील. आण्णा, तुमच्या खांद्यावर बसून मी ते बघितलंय. ती उभी चढण, माणसांची साखळी, वर जाताना मध्येच थांबलेली कावड आणि खालून उठलेला 'हर हर महादेव'. ढोल आणि हलगीचा आवाज छातीत कसा वाजतो ते मला तिथं पहिल्यांदा कळलं. त्यानंतर किती चैत्र गेले, मी एकदाही आलो नाही. लोकांची जत्रा असते तेव्हा आम्ही कामावर असतो. दसऱ्याला बाहेर पडायचं ते वैशाखात हंगाम उतरल्यावर घरी यायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा गेला, पाडवा गेला. आमच्या वाट्याला सुट्टीचे सण म्हणजे बैलांचा बेंदूर, नागपंचमी आणि गौरी-गणपती. आई, तू दर वर्षी दिवाळीतल्या करंज्या डब्यात घालून माळ्यावर ठेवायचीस आणि मी येईपर्यंत त्यांना वास यायचा. मग तू करंज्या बेंदरालाच करायला लागलीस. हे मी कधी बोललो नाही, पण माझ्या लक्षात आहे.

तर दिवाळीचंच सांगतो. नरकचतुर्दशीला आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका गावी होतो. कार्यक्रम संपला, पडदे उतरवले, पेट्या गाडीत चढवल्या तोवर पहाटेचे तीन वाजले. थंडी म्हणजे बोटं वळेनात. माझा हलगीवाला जोडीदार म्हणाला, चल, पाण्याचा टँकर उभा आहे तोवर अंघोळ उरकू. त्यानं बाजारातून उटण्याची पुडी आणून ठेवली होती. कुठून तरी एक कारीटही पैदा केलं होतं. मला दगडावर बसवून त्यानं पाठीला उटणं चोळलं, कान चोळले, कारीट पायाखाली फोडायला लावलं. आणि मग म्हणाला, आता माझी पाठ. असं पंधरा वर्षं चाललंय. माझ्या पंधरा दिवाळ्यांची पहिली अंघोळ त्यानं घातली आहे. हे मला तुम्हाला सांगायचं होतं.

तुम्ही त्याला ओळखता. वाळवा तालुक्यातला, काळासावळा, हसला की डोळे मिटतात तो.

आमचं काम कसं चालतं ते आण्णांना माहीत आहे, आईसाठी लिहितो. गणाआधी, म्हणजे गणपतीच्या गाण्याआधी, सलामी असते. बाया आत पायात चाळ बांधत असतात, लोक अजून तंबाखू मळत जागा धरत असतात, आणि रंगमंचावर आम्ही दोघंच मुख्य. मागं तुणतुणं आणि कडं. मी ढोलकीवर एक तुकडा टाकतो, तो हलगीवर त्याचं उत्तर देतो. मी लय वाढवतो, तो चढून येतो. हे कागदावर ठरलेलं नसतं. त्याचा खांदा कसा हलतो त्यावरून मला कळतं की आता तो मला जागा सोडणार. कधी माझी बोटं फुटलेली असतात, चिकटपट्टीतून रक्त येतं, तेव्हा तो माझ्या वाट्याचं ओढून नेतो आणि लोकांना पत्ता लागत नाही. बाहेरच्यांना वाटतं ढोलकी मोठी आणि हलगी साथीला. आण्णा, तुम्हीच तरुणपणी विठाबाई नारायणगावकरांचा फड बघायला सायकलवरून गेला होता ना, त्या काळी वग उजाडेपर्यंत चालायचा, आणि तरी सलामी चुकली म्हणून तुम्ही हळहळला होता. आता रात्री दहाला भोंगे बंद करावे लागतात, ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते. वग आखडला, गाणी वाढली. सलामी मात्र आम्ही तोडू दिलेली नाही. मालक म्हणतात पाच मिनिटांत आवरा. आम्ही बारा घेतो.

दिवसाचं आयुष्य साधंच आहे. पहाटे गाडीत पेट्यांवर झोप, नऊला नवं गाव, कुणाची तरी विहीर नाहीतर बोअर शोधायची, कपडे धुवायचे. भटारखान्यात भाकरी-आमटी तयार झाली की सगळ्यांची एकच पंगत. माझी ढोलकी गोधडीत गुंडाळून सावलीला ठेवायची, ऊन लागलं की चामड्याची पुडी ताणते आणि ओल लागली की उतरते. त्याची हलगी उलट. तिला कार्यक्रमाआधी पाचटाच्या जाळावर शेकावं लागतं, तेव्हा ती बोलते. तो शेकत असला की फडातली पोरं भोवती गोळा होतात, तो त्यांना जाळात कणसं भाजून देतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर हजेरी असते. सगळा फड देवळापुढे जातो. आम्ही वाजवतो, गाणं होतं, लोक बक्षिसं देतात, दुपारी कुस्त्या लागतात. आणि इथं मी काय बघत आलोय ते सांगतो. काही गावांत वाजवून झालं की मला पुजारी वर बोलावतो, हातावर खोबरं ठेवतो. तो पायऱ्यांखाली हलगी काखेत धरून उभा राहतो. त्याला कुणी वर या म्हणत नाही आणि तोही चढत नाही. ज्या देवाची पालखी हलगीवाचून हलत नाही, त्या देवाच्या पायरीवर हलगीवाला चढत नाही. मी खोबरं आणून त्याला अर्धं देतो. बस, एवढंच मी करत आलोय.

आता आपल्या घरचं. आई, रागावू नकोस.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात तो एका रात्रीसाठी आपल्याकडे आला होता. ओट्यावर बसला. तू चहा केलास. मला आणि आण्णांना कपात दिलास, त्याला गोठ्याच्या कोनाड्यातला स्टीलचा पेला काढून त्यात दिलास. तो चहा प्यायला, पेला स्वतः धुतला, आणि तुझ्या हातात न देता परत कोनाड्यात ठेवला. म्हणजे त्याला जागा माहीत होती. न सांगता माहीत होती. रात्री तो ओट्यावरच झोपला, मी आत. सकाळी एसटी थांब्यावर सोडायला गेलो तेव्हा वाटेत तो एवढंच म्हणाला, "म्हैस चांगली आहे रे, किती दूध देते?" मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हणालो, पाच लिटर.

यात तुझ्याआधी माझी चूक आहे. तुझ्या सासूनं तुला जे शिकवलं ते तू केलंस. मी तर बारा वर्षं त्याच्या ताटात जेवत होतो आणि तरी तिथं गप्प बसलो. पुढची तीन वर्षंही गप्पच. तू मनानं कशी आहेस ते मला ठाऊक आहे. दुष्काळात चारा छावणीवर परक्या बायकांची बाळं तू मांडीवर घेऊन बसायचीस. म्हणून मला वाटतं की तुला हे सांगितलं तर तू ऐकशील, आणि न सांगणं हा तुझाच अपमान आहे.

आण्णा, २०२० चा पाडवा आठवा. २५ मार्च. त्याच दिवसापासून सगळा देश बंद झाला. इथल्या राहुट्या ओस पडल्या, जत्रा रद्द, हंगाम बुडाला, घेतलेली उचल अंगावर राहिली. मी घरी होतो. इतक्या वर्षांनी लेक अक्षय तृतीयेला घरात, म्हणून आई खूश होती, पण मला रात्री झोप लागत नसे. शरीराला सवय रात्री जागायची. तो तिकडे दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचा. रोज रात्री नऊला, सलामीच्या वेळेला, त्याचा फोन यायचा. फोन भिंतीला टेकवून तो तिकडून हलगी वाजवायचा, मी इकडून ढोलकी. आवाज उशिरा पोचायचा, ताल एकदाही जुळला नाही. तरी रोज वाजवलं, पाऊस लागेपर्यंत. तुम्ही ओट्यावर अंधारात बसून ऐकायचात. एक दिवस फोन आला नाही तर तुम्हीच विचारलंत, "आज तुझा गडी कुठं गेला?" तो शब्द मी जपून ठेवला आहे.

या माघात त्याची आई गेली. संध्याकाळी निरोप आला, मालकांनी जीप दिली, तो गेला. तिसऱ्या दिवशी परत आला आणि त्याच रात्री उभा राहिला. सलामीत मी नेहमीप्रमाणे तुकडा टाकून जागा सोडली. ती रिकामीच राहिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. टिपरू हातात होतं, हात वर होता, पण आला नाही. मी मग त्याचं उत्तरही ढोलकीवरच वाजवलं, जमेल तसं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. नंतर गाडीत तो म्हणाला की पावसाळ्यात जायला आता घर राहिलं नाही. खोली आईच्या नावावर होती, तिथं भाऊबंदांनी कुलूप लावलंय. मालकांकडे गोदामात राहीन म्हणतो, पडदे शिवीन, पेट्या रंगवीन. चार महिने.

तर माझं मागणं असं आहे. हंगाम संपला की यंदा तो आपल्याकडे यावा. ज्येष्ठापासून गणपतीपर्यंत. ओट्यावर नको. आत, माझ्या खोलीत, माझ्याजवळ. स्वयंपाकघरात आपल्याबरोबर जेवायला बसावं, आणि कप सगळ्यांना सारखे. आळीत लोक बोलतील, चुलतीही बोलेल. तिला मी बघून घेतो, तिचं तोंड तुम्हाला दोघांना सहन करावं लागणार नाही असं मात्र मी म्हणू शकत नाही. थोडं करावं लागेल.

बेंदराचं आण्णांच्या मनात काय चालतं ते मला कळतं. बैल विकल्यापासून तुम्ही मिरवणुकीला वेशीपर्यंतही जात नाही. मातीच्या बैलांना आई पुरणपोळी दाखवते आणि तुम्ही घरातच बसता. यंदा मिरवणुकीत हलगी त्याची असेल, आणि ती तुम्हाला घरात बसू देणार नाही. तुमचा जुना घुंगरांचा पट्टा माळ्यावर असेल तर काढून ठेवा, त्याला तेल लावू.

आणि १ ऑगस्टला वाटेगावला जायचं आहे. अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. त्याच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून अण्णाभाऊंचा फोटो चिकटवलेला आहे, रोज हलगी काढताना त्याला हात लावतो. फडाच्या वर्षात त्याची म्हणावी अशी हीच एक सुट्टी. आण्णा, गुडघे बरे असतील तर तुम्हीही चला. इस्लामपूरवरून गाडी मिळते, फार चालावं लागणार नाही. अण्णाभाऊंनी तमाशाचं लोकनाट्य कसं केलं ते तुम्ही मला लहानपणी रानात सांगायचात. ते त्याला सांगा. त्याचे वडील तो चार वर्षांचा असतानाच गेले, त्याला असं कुणी सांगितलेलं नाही.

एक अडचण आहे. मी बोलावलं तर तो यायचा नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तुझ्या घरावर ओझं कशाला?" पेल्याचं नाव त्यानं काढलं नाही, काढणारही नाही. आई, तू बोलावलंस तरच तो येईल. त्याचा नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे, आण्णा लावून देतील. दुपारी दोननंतर कर, तेव्हा त्याची झोप झालेली असते. काय बोलायचं याचा विचार करत बसू नकोस. मला विचारतेस तेच विचार. जेवलास का म्हण.

तुमचा,
धाकटा