‘बघू, देऊ’ म्हणत मालक दोन वर्षं काढतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी कामगाराच्या अपघाताची बातमी येते. प्रेस मशीनमधे हात सापडला, स्लॅबवरून पडला, टाकीत गुदमरला. चार ओळींची बातमी, शेवटी ‘पोलिसांत नोंद झाली असून पुढील तपास सुरू आहे’ आणि विषय संपला. वाचणाऱ्याला वाटतं पोलिसांत नोंद झाली म्हणजे पुढचं सगळं आपोआप होईल, आणि खरं सांगायचं तर त्या कामगाराच्या घरच्यांनाही तेच वाटतं. पत्र लिहितोय ते यासाठीच.

पंचनामा वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. दावा कमिशनरकडे (पोलीस कमिशनर नव्हे, कामगार भरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी; नव्या संहितेत त्याला ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणतात) स्वतः दाखल करावा लागतो आणि त्याला मुदत आहे दोन वर्षांची. अपघात झाला त्या तारखेपासून दोन वर्षं, मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून. मालकाने ‘नाही देत जा’ म्हटलं त्या दिवसापासून नाही! इथेच सगळे फसतात. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात हेच होतं आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली तरी दोन वर्षांचं गणित तसंच ठेवलंय.

आमच्या ओळखीतल्या एका पोराचं सांगतो. पॉवर प्रेसवर उजव्या हाताचा अंगठा गेला. मालक तसा वाईट माणूस नाही हो, स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, बिल भरलं, काही महिने पगाराचं पाकीट घरी पाठवलं, वर म्हणाला तू घरचाच आहेस, कोर्टकचेरी कशाला, बरा झालास की हलकं काम देतो आणि एकरकमी पण काहीतरी बघू. मग दिवाळी झाली की बघू, मग मार्च एंड झाला की बघू, मग जीएसटीचं लफडं निस्तरलं की बघू. घरच्यांनी पण विचार केला की एवढं करतोय तर त्याच्यावर केस टाकायची म्हणजे बरं दिसत नाही. पुढे सुपरवायझर बदलला, गेटवरच्या रजिस्टरमधून नाव गेलं, फोन उचलणं बंद झालं आणि मग घरचे वकिलाकडे गेले तर वकिलाचा पहिला प्रश्न, अपघाताची तारीख काय? तोपर्यंत दोन वर्षं उलटून गेली होती.

आता हिशोब सांगतो म्हणजे कळेल किती गेलं. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात. वय ३०, पगार महिना १५ हजार धरा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, त्याला त्या वयाचा गुणांक २०७.९८ ने गुणायचं आणि त्याचे ३० टक्के काढायचे. पाच लाख एकसष्ट हजारांच्या वर जातं! हे काय मालकाच्या मेहेरबानीचे पैसे नाहीत, हक्काचे आहेत आणि महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि उशिराला धड कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड पण लागू शकतो. आणि आपली माणसं वीस-पंचवीस हजारांवर सही करून मोकळी होतात.

सहीवरून आठवलं, ‘मला सगळं मिळालं, यापुढे काही तक्रार नाही’ असं बाँडवर लिहून घेतात ना, त्याला घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात रद्दबातल आहे आणि खरीखुरी तडजोड असेल तर ती कमिशनरकडे रजिस्टर करायला लागते. कामगार मेला असेल तर बायकोच्या हातात परस्पर पैसे टेकवून पण मालक सुटत नाही, भरपाईची रक्कम कमिशनरकडेच जमा करायची असते.

मुदत गेलीच असेल तरी घरी बसू नका. उशिराला पुरेसं कारण असेल तर कमिशनर दावा दाखल करून घेऊ शकतात. मालकाचे ‘पुढच्या महिन्यात बघू’ वाले व्हॉट्सॲप मेसेज, खात्यात टाकलेले पैसे, दवाखान्याचे कागद, हे सगळं अशा वेळी कामाला येतं, फोन बदलला म्हणून उडवू नका. पण ते कारण पटवायचं ओझं तुमच्यावर, आणि समोर इन्शुरन्स कंपनीचा वकील उभा असतो त्याचा पहिला मुद्दाच ‘मुदतबाह्य’ हा असतो. त्यापेक्षा वेळेत दावा टाकावा आणि मग मालकाशी खुशाल गोड बोलावं. दावा टाकला म्हणजे वैर घेतलं असं काही नसतं, बऱ्याचदा मालकाने पॉलिसी काढलेली असते आणि पैसे इन्शुरन्सवाल्यांच्या खिशातून जातात.

अपघाताची लेखी नोटीस मालकाला लवकरात लवकर द्यायची असते हे पण खरं. पण नोटीस राहिली म्हणून दावा बुडत नाही, मालकाला अपघात दुसरीकडून कळलेला असला तरी चालतं, आणि ज्याने स्वतः गाडीतून दवाखान्यात नेलं तो मला माहीतच नव्हतं असं कुठल्या तोंडाने सांगणार? धूळ, केमिकल वगैरेंमुळे होणाऱ्या धंद्याच्या आजारात तर एका दिवशीचा अपघात असा नसतोच, तिथे आजारपणामुळे सलग कामावर जाता आलं नाही त्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ठेकेदाराकडे असाल तरी मूळ मालकावर दावा टाकता येतो. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर मात्र हा रस्ता नाही, तुमची भरपाई ईएसआयकडूनच, तिथे अपघाताचा रिपोर्ट मालकाने पाठवला का ते आधी बघा.

आणि हे सगळं कामगाराला सांगायचं कोणी? २०१७ मधे जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली की कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची माहिती त्याला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची, नाही दिली तर मालकाला ५० हजार ते १ लाख दंड, असं तेव्हा ठेवलं होतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकाकडे पण असा कागद नाही. हेल्मेट घाला, मोबाईल वापरू नका याचे बोर्ड भिंतीभर असतात, त्यात हा एक बोर्ड लावायला काय खर्च येतो?

जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने आपल्याच धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या बायकोला न्याय दिला. तो पहाटेच्या ड्युटीवर जाताना २००३ साली रस्त्यात अपघातात गेला होता. घरून कामावर जाताना झालेला अपघात पण कामाशी संबंध असेल तर धरला जाईल असं कोर्ट म्हणालं. बावीस वर्षं लागली, पण दावा टाकलेला होता म्हणून ती बाई तिथपर्यंत लढू तरी शकली.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की अशी बातमी छापताना खाली एक ओळ टाका, ‘भरपाईच्या दाव्याची मुदत अपघाताच्या तारखेपासून दोन वर्षं’. जमलं तर जवळचं लेबर कोर्ट किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कुठे आहे ते पण द्या, कामगाराला आणि बाईमाणसाला प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.

आपला,
एक नियमित वाचक