म्हापशाच्या स्टुडिओवाल्या काकांना, निळ्या काचेबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये, पण तुमची सून वाचते आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल या भरवशावर लिहितोय. समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही अर्ध्यातच "बरं बरं, चहा घे" करून विषय बदलला असता, म्हणून हे असं सगळ्यांदेखत.

तुम्ही दिलेली निळी काच, म्हणजे लेन्सपुढे लावायचा 80ए फिल्टर, लावून काढलेला त्रिपुरारी पौर्णिमेचा रोल धुऊन आला. साखळीला विठ्ठलापूरला काढलेला, वाळवंटी नदीच्या घाटावर. पणत्या पेटवणाऱ्या बायकांचे चेहरे चेहऱ्यासारखे दिसतायत हो! पांढरी साडी पांढरी आहे, म्हणजे अगदी दुधासारखी नाही, थोडी उबदार, पण बघणाऱ्याला पांढरीच वाटते. आधीचे माझे रात्रीचे सगळे फोटो हळदीत बुडवून काढल्यासारखे यायचे आणि जो तो सांगायचा, अरे स्कॅन करताना ब्लू वाढव की, होतं सगळं. होतं, पण सावलीतल्या जागा नुसत्या मळकट आणि दाणेदार होतात, आणि ते असं का होतं हे मला तुमच्या काउंटरवर उभं राहीपर्यंत कोणी धड सांगितलंच नव्हतं.

तुम्ही बिलाच्या मागे तीन रेघा ओढल्या होत्या, निळा थर, हिरवा थर, लाल थर. साधी फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली, 5500 केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-लाल). पिवळ्या बल्बच्या किंवा हॅलोजनच्या उजेडात निळं मुळातच कमी, त्यामुळे निळा थर उपाशी राहतो आणि लाल थराला अजीर्ण. जे नेगेटिव्हवर पडलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? आणि मग तुम्ही म्हणालात, पळय (बघ), ही काच निळी दिसते म्हणून ती फोटोत निळं घालते असं समजू नको, ती फक्त जास्तीचं लाल-पिवळं अडवते. 80ए बद्दल एवढं सरळ मी आजवर कुठेच ऐकलं नव्हतं.

त्यावर मी वाद घातला होता, आठवतं? म्हटलं, फिल्टर दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), 400 ची फिल्म 100 ची होऊन बसते, मग फिल्टर काढून तेच दोन स्टॉप ओव्हर, म्हणजे जास्तीचा उजेड, दिले तर निळ्या थराला तेवढंच मिळणार ना? तुम्ही हसलात आणि म्हणालात की नेगेटिव्हवर बऱ्यापैकी निभावतं, रॅटनचे नंबर, म्हणजे 80ए, 85बी असे फिल्टरचे नंबर, पाठ नसलेली माणसं हेच करतात. पण दिव्याच्या आसपास लाल थर ठासून भरतो, मग सावलीला एक रंग आणि उजेडाला दुसरा असं होऊन बसतं, एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. आणि स्लाइड, म्हणजे थेट सुलटं चित्र देणारी फिल्म, असेल तर विषयच संपला, तिथे जे पडलं तेच दिसणार.

पण खरी मजा त्या गणितात होती. कुठल्या उजेडाला कुठली काच लागेल हे काढायला दहा लाखाला केल्विनने भागायचं. 5500 चे होतात 182, स्टेजवरच्या 3200 च्या लाइटचे साधारण 313, मधला फरक 131 च्या आसपास आणि बरोब्बर तेवढंच काम 80ए करतो. मग मी विचारलं पणतीचं काय, तर पणती 1900 च्या घरात, म्हणजे 526, त्यातून 131 वजा केले तरी 395 उरतात, फिल्मला हव्या असलेल्या 182 पासून अजून लांबच. मला वाटलं मग अजून एक निळी काच वर चढवायला हवी, तुम्ही सरळ नको म्हणालात. एक तर उजेड अजून जाणार, आणि दुसरं म्हणजे दोन काचांमध्ये पणतीची ज्योत परावर्तित होऊन फ्रेममध्ये भलतीकडेच भुतासारखी उमटणार. आणि वर तुमचं ते वाक्य, "दिव्याला पांढरा करून कोणाचं भलं होणार?" ते डोक्यात ठेवूनच घाटावर उभा होतो. 80ए लावूनही जो केशरी राहिला तोच मला हवा होता, आधी फक्त तो सगळ्या फ्रेमवर सांडायचा.

ट्यूबलाइटचं सांगितलंत तेही पटलं. अंत्रुज महालात (फोंड्याकडे) कुठल्याही जत्रेत रात्रीच्या नाटकाला स्टेजवर हॅलोजन, सभामंडपात ट्यूब आणि देवळासमोर थंड पांढरे एलईडी, आता यात एकच काच कोणाकोणाला सांभाळणार? एफएल-डी ही ट्यूबसाठीची काच लावून ट्यूबचा हिरवटपणा काढला की हॅलोजनखालचा राजा गुलाबी. त्यामुळे स्टेज धरायचं आणि मंडपाकडे पाठ करायची, हा तुमचा तोडगा कुठल्याही फिल्टरपेक्षा स्वस्त आहे.

तो फिल्टरांचा डबा दिलात त्याबद्दल वेगळं काय लिहू. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि प्रत्येक काच बटर पेपरमध्ये गुंडाळलेली, कडेवर नंबर पुसट झालेला तिथे तुम्ही पेनने परत लिहिलेला. गोव्याच्या पावसाळ्यात लेन्सला महिन्याभरात बुरशी धरते आणि तुमच्या इतक्या वर्षांच्या काचांवर डाग नाही! लग्नाच्या ऑर्डरी गेल्या, दुकान पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर आलं तरी तुम्ही दर पावसाळ्याआधी त्या पुड्या तव्यावर गरम करत राहिलात, हे सूनबाईंनी सांगितलं. विकायला काढले असते तर गिऱ्हाईक मिळालं असतं, हल्ली फिल्मवाली पोरं वाढलीयत.

डब्यातला केशरी 85बी अजून वापरला नाही. टंगस्टनवाली, म्हणजे पिवळ्या दिव्यांच्या उजेडासाठी बनवलेली, सिनेमाची फिल्म मिळाली की दिवसा काढून बघणार, काच उजेड खाते म्हणून 500 ची 320 धरून, तुम्ही सांगितलंत तसंच. फिकट उबदार रंगाचा 81ए मात्र कॅमेऱ्यावरून उतरतच नाही, ढगाळ दिवसात माडांच्या सावलीत माणसं निळसर पडतात त्यावर तेवढा पुरतो.

देव बरें करूं, काका. प्रिंट काढायला टाकलेत, ते घेऊन येतो. आणि 49 मिमीच्या लेन्सवर 52 चा फिल्टर बसवायची स्टेप-अप रिंग तुमच्या त्या खालच्या ड्रॉवरमध्ये सापडली तर बाजूला काढून ठेवा, पैसे घेतलेत तरच नेईन.