रेनकोटमधल्या हवालदारसाहेबांना

हवालदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

जुलैमधल्या त्या पावसाळी रात्री मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, आडोशी बोगदा ओलांडल्यावर, आमची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. बाबांचा पाय डॅशबोर्डखाली अडकला. मी 112 ला फोन लावला आणि तुम्ही आलात. आजही हे लिहिताना हात कापतोय.

वॉकीटॉकीवर कंट्रोलला आणि मोबाइलवर ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला तुम्ही एकच गोष्ट सांगत होतात. किलोमीटरचा आकडा आणि "पुण्याकडची लेन, पुण्याकडची!" त्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला मध्येच वळता येत नाही, हे मला नंतर उमगलं. क्रेनही तुम्ही मागेच थांबवलीत, ॲम्ब्युलन्सची वाट अडू नये म्हणून.

पण मला आठवत राहतो तो तुमचा मोबाइल. ड्रायव्हरशी बोलता बोलता तुम्ही तो माझ्या हातात दिलात. "ताई, तो कुठवर आलाय ते तुम्हीच ऐका." पावसाने ओला झालेला, तडा गेलेल्या काचेचा फोन. पलीकडून आवाज येत होता, "खालापूर टोल सोडला... खोपोली मागे गेली... आता बोगद्यात शिरतोय, आवाज जाईल, घाबरू नका." आवाज खरंच गेला. मी बाबांना म्हटलं, "बोगद्यात आहेत, आलेच." बाबांनी तेव्हा पहिल्यांदा डोळे उघडले.

माझ्या मामांच्या नशिबी असं कुणी नव्हतं. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका महामार्गावर, ते रस्त्याकडेला पडून होते आणि हद्द कुणाची यावर फोन इकडून तिकडे फिरत होते. पोलीस आले तेव्हा ॲम्ब्युलन्स दुभाजकापलीकडे, दोन किलोमीटर पुढे उभी होती. एकाने दुसऱ्याला साधा फोन केला नव्हता. मामांचा पाय गेला. तो राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

म्हणून तुमची किंमत मला जास्त कळते. त्या रात्री भर पावसात तुम्ही पोलीस, डॉक्टर, क्रेनवाले, कटर घेऊन आलेले जवान, सगळ्यांना एका धाग्यात बांधलंत, आणि माझ्यासारख्या रडणाऱ्या बाईलाही त्यात धरलंत. माणुसकी म्हणतात ती मी त्या रात्री पाहिली.

बाबा आता काठीशिवाय चालतात. रोज तुमचं नाव विचारतात. तुमची नेमप्लेट रेनकोटखाली होती हो, मला वाचताच आली नाही.

तुमची,
त्या रात्रीची ताई